आधी काकूंचा आवाज, मग आयफोन

पत्र:

मी मिरजेत राहतो. वय ६९. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. भजनी मंडळात पेटी वाजवतो. २०१८ पासून एकच अँड्रॉइड फोन वापरतोय. गेल्या श्रावणात त्यावर ओळखीच्याच एकाच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली. मी ती उघडली आणि दुसऱ्या दिवशी खात्यातून साडेनऊ हजार गेले. डब्लिनच्या मुलाला हे कळल्यावर त्याने दिवाळीला येताना आयफोन १६ आणला. "बाबा, आता हाच वापरा" म्हणाला. तीन आठवडे झाले, माझा हात त्यावर बसत नाही. मागे जायचं बटण नाही. 'दुसऱ्या' हा शब्द लिहिता येत नाही. एकदा सिम घालून यूपीआय सुरू करून पाहिलं, ते नंबर तपासतानाच अडकलं, म्हणून सिम परत जुन्या फोनमध्ये घातलं. मंडळाच्या अभंगांची रेकॉर्डिंगं मेमरी कार्डात आहेत, ते घालायला ह्यात जागाच नाही. भाचा म्हणतो, "मामा, आयफोन म्हणजे नुसता दिखावा. विका आणि चांगला अँड्रॉइड घ्या, वर पैसे उरतील." पण मुलाला वाईट वाटेल. शिवाय जुन्या फोनच्या व्हॉट्सॲपमध्ये हिचे व्हॉइस मेसेज आहेत. ही २०२२ मध्ये गेली. दुकानात म्हणाले, गूगलच्या बॅकअपमधून सगळं आयफोनवर येईल. खरं का? आणि दोन्हींत चांगला कुठला, ते एकदा सांगून टाका.
– आप्पा, मिरज

आप्पा, नमस्कार.

काकूंच्या आवाजाबद्दल तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. मी तिथूनच सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं थांबू शकतं.

दुकानातल्या माणसाने चुकीचं सांगितलं. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगलच्या खात्यात जातो आणि आयफोनवरच्या व्हॉट्सॲपचा ॲपलच्या आयक्लाउडमध्ये. एकाचा बॅकअप दुसऱ्याला वाचता येत नाही. त्याच्या भरवशावर आयफोनवर व्हॉट्सॲप सुरू केलं असतंत, तर समोर कोरी पाटी आली असती. जुन्या फोनमधलं त्या क्षणी काही पुसलं जात नाही, पण घाबरलेला माणूस पुढे जी बटणं दाबतो त्यात वाट लागते. सिम परत काढलंत ते फार बरं केलंत.

आता असं करा. जुना फोन, त्याची केबल आणि एक नवा पेन ड्राइव्ह घेऊन ज्याच्याकडे कॉम्प्युटर आहे अशा कुणाकडे बसा. त्या भाच्यालाच कामाला लावा. केबल जोडून फोनवर 'फाइल ट्रान्सफर' निवडलं की जुन्या फोनचं पोट कॉम्प्युटरवर उघडतं. त्यात व्हॉट्सॲपचं फोल्डर शोधायचं, आत 'मीडिया', त्याच्या आत 'व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स'. तिथे नुसत्या आकड्यांच्या नावाची पुष्कळ फोल्डरं दिसतील. २०२१४३ असं लिहिलेलं असेल तर तो २०२१ सालचा ४३वा आठवडा. आतल्या प्रत्येक फाइलच्या नावात पीटीटी ही तीन इंग्रजी अक्षरं असतात आणि त्यापुढे तारीख: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. कुणी पाठवलं ते मात्र नाव सांगत नाही. काकूंचं, मंडळाचं, दूधवाल्याचं, सगळं एकाच ढिगात. म्हणून निवडानिवड करत बसू नका, अख्खं फोल्डर उचलून पेन ड्राइव्हवर घ्या आणि एक प्रत त्या कॉम्प्युटरवरही ठेवा. नंतर निवांत कधीतरी व्हॉट्सॲपमध्ये काकूंच्या मेसेजांच्या तारखा बघून त्या त्या फाइली वेगळ्या काढता येतील. फाइलीच्या शेवटी 'ओपस' दिसेल आणि साधा प्लेअर कदाचित ती वाजवणार नाही. व्हीएलसी नावाचा फुकटचा प्लेअर वाजवतो.

दुसरं, फोनवर काकूंचं चॅट उघडून वरच्या तीन टिंबांतून 'एक्सपोर्ट चॅट' करा, मीडियासकट, आणि ते स्वतःलाच मेल करा. मीडियासकट एका वेळी शेवटचे सुमारे दहा हजार मेसेजच जातात. नवरा-बायकोचं चॅट त्याहून मोठं असू शकतं, म्हणून फोल्डरची प्रत हवीच.

एवढं झालं की मगच अख्खं व्हॉट्सॲप आयफोनवर न्यायचं. २०२२ पासून त्याची अधिकृत सोय आहे. ॲपलचं 'मूव्ह टू आयओएस' नावाचं ॲप जुन्या फोनवर घ्यायचं. मेख एवढीच की आयफोन अगदी पहिल्यांदा सुरू होत असतानाच हे जमतं. तुमचा तर तीन आठवडे चालू आहे, म्हणजे तो आधी पूर्ण पुसून कोरा करावा लागेल. त्यात अजून तुमचं काही नाही, तेव्हा हरकत नाही. दोन्ही फोन चार्जिंगला लावलेले, दोन्ही एकाच वाय-फायवर, नंबर तोच. वेळ लागतो. मध्ये चहा करा, पण फोनला हात लावू नका.

हे सगळं तपशिलात सांगितलं, कारण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच येऊन गेलं. जुन्या फोनमध्ये काकूंचा आवाज एका फोल्डरात उघडा पडलाय, हात घालून घेता येतो. आयफोनमध्ये तोच आवाज व्हॉट्सॲपच्या आत बंद असेल. ऐकता येईल, एकेक करून बाहेरही पाठवता येईल, पण केबल लावून अख्खा गठ्ठा उचलता येणार नाही. अँड्रॉइड म्हणजे जुना वाडा. माळ्यावर चढा, परसात जा, मागच्या दाराने कुणीही येतं, मांजरही. आयफोन म्हणजे वॉचमनवाली सोसायटी. तुमचाच फ्लॅट, पण बाल्कनीत दोरी बांधायची तर कमिटीला विचारा. ती लग्नपत्रिका वाड्याच्या मागच्या दाराने आली.

त्या पत्रिकेचंही सांगते, म्हणजे मुलाच्या मनात काय होतं ते कळेल. ती पत्रिका नव्हतीच. नावाच्या शेवटी 'एपीके' असणार, म्हणजे ते एक अख्खं ॲप होतं. अँड्रॉइडवर गूगलच्या प्ले स्टोअरच्या बाहेरूनही ॲप टाकता येतं. फोन एकदा विचारतो, आपण 'अलाऊ' दाबतो. मग ते ॲप मेसेज वाचायची परवानगी मागतं, तीही आपण देतो आणि बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे जातो. आयफोनवर एपीके उघडतच नाही, आणि तिथल्या कुठल्याच ॲपला तुमचे एसएमएस वाचू देत नाहीत. ओटीपी आला की कीबोर्डच्या वर तो नुसता सुचवला जातो, आपण टिचकी मारायची. म्हणजे मुलाचा हिशेब बरोबर आहे. ह्या एका प्रकारच्या चोरीला आयफोनवर वाव नाही. फोनवर गोड बोलून ओटीपी काढून घेणारे, 'तुमच्यावर डिजिटल अटक आहे' म्हणून धमकावणारे मात्र दोन्हीकडे सारखेच. साडेनऊ हजारांची तक्रार केली नसेल तर १९३० नंबरवर करा. उशीर झालाय, पण नोंद होऊ द्या.

भाचाही पूर्ण चुकत नाही. तो म्हणतो तसा चांगला, नवा अँड्रॉइड घेतला, बाहेरून ॲप टाकायची परवानगी बंद ठेवली आणि 'प्ले प्रोटेक्ट' ही गूगलची ॲप तपासणारी सोय चालू ठेवली तर तोही पुरेसा सुरक्षित असतो. खरी अडचण तुमच्या जुन्या फोनच्या वयाची आहे. सेटिंगमध्ये जाऊन 'सिक्युरिटी पॅच'ची तारीख बघा. २०१८ चा मध्यम किमतीचा फोन असेल तर ती बहुधा तीन-चार वर्षांपूर्वीच थांबलेली असेल. त्यानंतर सापडलेली भोकं बुजवायला कुणी आलेलं नाही. ह्या बाबतीत ॲपलचं रेकॉर्ड चांगलं आहे: २०१८ मध्ये आलेल्या आयफोन एक्सआरला २०२४ चं आयओएस १८ सुद्धा मिळालं. अँड्रॉइडवाल्यांना जाग जरा उशिरा आली. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ च्या एस२४ पासून सात वर्षांचं आश्वासन दिलं. स्वस्त फोनांची कथा अजूनही ज्याची त्याची वेगळी. भाच्याने फोन सुचवला तर कॅमेऱ्याआधी हेच विचारा, अपडेट किती साली संपणार. दिखाव्याचं म्हणाल, तर मिरजेत तुमच्या खिशातला फोन वाकून बघणारं कोण आहे? तो वाद पोरांना करू द्या.

आता तुमच्या तक्रारी. तुम्ही पेटी वाजवता, तेव्हा हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं: दुसऱ्याची पेटी पुढ्यात आली की बोटं अडखळतात. पट्टी तीच, सूर तेच, पण पट्ट्या जरा जड, भाता जरा ढिला. तीन आठवडे झाले असं तुम्ही लिहिलंय, पण सिम जुन्या फोनमध्ये असताना रियाज किती झाला असेल? वाय-फायवर संध्याकाळी दहा मिनिटं उघडून बघायचं आणि वैतागून ठेवून द्यायचं, असंच चाललं असणार. हा काही हात बसायचा रस्ता नव्हे.

मागे जायचं बटण नाही, ही हाताची तक्रार. स्क्रीनच्या डाव्या कडेवर बोट ठेवून उजवीकडे सरकवा, बहुतेक ॲपमध्ये मागे जाता येतं. नव्या अँड्रॉइड फोनांवरही २०१९ पासून बटणं जाऊन हेच सरकवणं आलंय. तिथे सेटिंगमधून जुनी तीन बटणं परत आणता येतात, आयफोनवर ती कधी नव्हतीच.

'दुसऱ्या' लिहिता न येणं ही आपल्या सगळ्या मराठी लोकांची व्यथा. हिंदीला हा आडवा, पापणीसारखा र लागत नाही, त्यामुळे कीबोर्ड करणाऱ्यांच्या तो फार उशिरा लक्षात आला. अजूनही कितीतरी लोक नाइलाजाने य वर रफार चढवून लिहितात आणि 'दुसर्या' असलं काहीतरी उमटतं. युक्ती अशी: साधा र घ्यायचा नाही, खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, मग हलन्त (पाय मोडायची खूण), मग य आणि काना. ऱ्या तयार. पण तुम्ही जुन्या फोनवर बहुतेक इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवत असाल. तसं असेल तर आयफोनच्या सेटिंगमध्ये कीबोर्ड जोडताना मराठी निवडा आणि तिथला लिप्यंतरणाचा पर्याय घ्या. मग शब्द सुचवला जातो, ऱ शोधत बसावं लागत नाही. अंदाज तितकेसे अचूक नसतात. मराठी टायपिंगमध्ये अँड्रॉइड बरीच वर्षं पुढे होतं आणि माझ्या हाताला आजही तेच जास्त पटतं.

यूपीआय अडकलं त्याचं कारण अगदी क्षुल्लक आहे. नंबर तुमचाच आहे ना, हे बघायला ॲप तुमच्या सिमवरून बँकेला एक एसएमएस पाठवतं. अँड्रॉइडवर परवानगी दिली की तो आपोआप, पाठीमागे जातो. आयफोन कुठल्याच ॲपला परस्पर एसएमएस पाठवू देत नाही. मेसेजची चौकट उघडते, त्यात कसलीतरी अगम्य अक्षरं असतात आणि खाली पाठवायचा बाण. आपल्याला वाटतं काहीतरी बिघडलं, म्हणून आपण मागे येतो. तो बाण दाबायचा असतो, आणि मजकुरातलं एकही अक्षर खोडायचं नसतं. सिममध्ये एसएमएसपुरता बॅलन्स हवा. नव्या फोनवर सुरुवातीला पैसे पाठवायची मर्यादा कमी असते, तेव्हा घाबरू नका. आणि ॲपलची आयमेसेज सेवा चालू होताना एक परदेशी एसएमएस जातो, त्याचे काही रुपये कापले जातात. तेवढे मात्र चोराने नेले नाहीत!

मेमरी कार्डाची तक्रार मात्र खरी आहे. आयफोनमध्ये कार्डाला जागा आजवर कधीच नव्हती. (आजकालच्या बऱ्याच महाग अँड्रॉइडमधूनही ती गेलीय, भाच्याला सांगा.) तुमच्या आयफोन १६ ला टाइप-सीचा पेन ड्राइव्ह सरळ लागतो आणि 'फाइल्स' ॲपमध्ये उघडतो. पण मंडळातल्या कुणी सांगितलं, "आप्पा, कालचा तो भूपाचा अभंग माझ्या कार्डावर टाका," तर तुमचा जुना फोन जे एका मिनिटात करतो त्याला तिथे खटपट पडेल. अभंगाची रिंगटोन लावणं तर आणखीच खटपटीचं होतं. बरीच वर्षं त्यासाठी गॅरेजबँड नावाच्या संगीताच्या ॲपमध्ये शिरून तीस सेकंदांचा तुकडा कापावा लागायचा. इतक्या महागाच्या वस्तूत हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, हे मला आजवर उमगलेलं नाही.

ह्याच्या उलटही एक गोष्ट आहे आणि सतारमेकर गल्लीच्या गावात राहणाऱ्या माणसाला ती सांगितलीच पाहिजे. बोट लावल्यापासून आवाज निघेपर्यंत जो वेळ जातो, तो सुरुवातीच्या अँड्रॉइडवर इतका असायचा की फोनवर पेटी वाजवणं अशक्यच होतं. सम निघून जायची आणि सूर मागून यायचा. आयफोनवर तो वेळ पहिल्यापासून फार कमी होता. म्हणून संगीताची ॲप आधी तिकडे गेली. आय-तबला प्रो हे तंबोऱ्याचं आणि तबल्याचं ॲपही आधी ॲपलच्याच उपकरणांवर आलं. त्या एका ॲपसाठी जुना आयपॅड जपून ठेवलेले गवई मी पाहिलेत. आता अँड्रॉइडही सुधारलंय. तरी पंधरा दिवस आयफोनवर तंबोरा लावून बघा. पेटीशी सूर जुळवताना तुम्हाला तो फोन पहिल्यांदा आपला वाटेल, असा माझा कयास आहे.

तुम्ही विचारलंत, दोन्हींत चांगला कुठला. मी स्वतः नऊ वर्षं अँड्रॉइडवाली आहे, तेव्हा माझा कल तुम्हाला कळलाच असेल. त्याआधी माझ्याकडे तिसऱ्याच जातीचा फोन होता. इतका सुटसुटीत फोन मी नंतर पाहिला नाही, पण त्यावर नवी ॲप यायची थांबली आणि एक दिवस मुकाट्याने बदलावा लागला. सिंबियन, ब्लॅकबेरी, विंडोज फोन, सगळ्यांवर जीव टाकणारी माणसं होती. २००७ मध्ये आयफोन आला, २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड, आणि दहा वर्षांत बाकीचे संपले. उरलेल्या दोघांनी एकमेकांचं इतकं उचललंय की आज रोजच्या वापरात दोघांमध्ये फरक थोडाच राहिलाय. जो राहिलाय तो वाड्याचा आणि सोसायटीचा.

म्हणून तुमच्यापुरतं सांगते: दोन्ही ठेवा. सिम, बँक, यूपीआय, व्हॉट्सॲप आणि मुलाशी बोलणं आयफोनवर. जुन्या फोनमधून बँकेची आणि यूपीआयची सगळी ॲप काढून टाका, गूगलच्या खात्यातून साइन आउट करा, बॅटरी बदलून घ्या आणि त्याला मंडळाचा फोन करा. सिम नाही, पैसे नाहीत, नुसती रेकॉर्डिंगं आणि मेमरी कार्ड. पेटीच्या खोक्यातच राहू दे. हरवला तरी अभंगच जातील, आणि त्यांचीही एक प्रत पेन ड्राइव्हवर करून ठेवा.

संक्रांतीपर्यंत आयफोन खरोखर रोज वापरा, सिम घालून. त्यानंतरही हात बसला नाही तर भाच्याचं ऐका. मुलाला तेव्हा काय सांगायचं ह्याची आत्ता काळजी नको. त्याला फोन आवडायला हवा आहे की तुमचे पैसे सुरक्षित राहायला हवे आहेत? साडेनऊ हजार गेल्याचं कळल्यावर त्याने हा फोन आणलाय, हे तुम्हीच लिहिलंत. त्याला मेसेज लिहीत बसू नका, आयफोनवरूनच व्हॉइस मेसेज पाठवा: "मागे जायचं कसं ते कळलं, तंबोरा छान लागतो, कार्डासाठी जुना ठेवलाय." तो समजेल.

डब्यात कागदाच्या पाकिटाला अडकवलेली एक बारीक पिन असेल, सिमचा ट्रे उघडायची. ती सापडली की देव्हाऱ्याजवळ ठेवून द्या आणि पेन ड्राइव्ह भरून त्यातली एक तरी फाइल स्वतःच्या कानाने ऐकल्याशिवाय तिला हात लावू नका.